पुतळ्याला लागलेला पाय

काल ऑफिसात प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालं. सतरंजीवर रबराचा पुतळा आडवा ठेवला होता, नुसतं डोकं आणि धड. त्याच्याजवळ बसताना आमच्या शिंदेबाईंचा पाय त्याच्या खांद्याला लागला. त्यांनी चटकन त्याला हात लावून नमस्कार केला. सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण त्या क्षणी तो पुतळा माणूस झाला.

"जोरात दाबा, बाई," शिकवणारे सर म्हणाले. "छाती आत गेली पाहिजे."

"लागेल हो त्याला," म्हणत बाई बाळाला थोपटावं तसं थोपटत राहिल्या.

"बरगडी मोडली तरी चालेल. माणूस वाचला पाहिजे."

हे वाक्य कालपासून डोक्यातून जात नाही. जन्मभर आपण जपून हात लावायला शिकलो. चुकून धक्का लागला तरी ओशाळतो. आणि आता म्हणे, वाचवायचं तर मोडायचीही तयारी हवी! लिफ्टमध्ये, चहाच्या टपरीवर मी समोरच्याच्या शर्टाचा खिसा श्वासाबरोबर हलतोय ना, तेवढंच बघतोय. हा आत्ता कोसळला तर माझे हात धजावतील? नुसतंच थोपटत बसलो तर?

आज डबा खाताना शिंदेबाई समोर होत्या. न राहवून म्हणालो, "बाई, मी कधी पडलो तर जोरात दाबा. लागू दे मला."

त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"दाबीन," त्या म्हणाल्या. "नमस्कार मग करीन. तुम्ही उठून बसलात की."