घाटाखालची बाभळ

खालच्या बंधाऱ्यामुळं आमच्या गावापाशी गोदावरी तुंबून संथ असते. नांदेडच्या बाजारात जाणारा मासा मी आणि दादा तिथंच धरायचो. होडी एकच, आणि ती कुठं बांधायची यावरून आमची रोजची कटकट.

दादाची जागा ठरलेली होती. ओढा नदीला मिळतो तिथलं वळण. तिथं धार लागत न्हाई, म्हणायचा. नवी जागा बघायची झाली तर आधी पाण्यात काडी टाकायचा. काडी गरगर फिरली की मुकाट पुढं चालायचा. दोर लांब सोडायचा आणि सुरगाठ मारायचा, एका हिसक्यात सुटणारी. पाणी चढलं की होडी बी चढली पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. पण तिथून घर पाऊण तासावर. ओलं जाळं खांद्यावर टाकून चिखल तुडवायचा मला वीट आला होता. त्यात शेजाऱ्याची होडी कुणी तरी रेती काढायला पळवली.

मी म्हणालो, "घाटाखालच्या बाभळीला बांधू. घरातून दिसती. साखळी अन् कुलूप घालू."

"पाणी चढलं की तिथं धार लई लागती. अन् पाण्याला कुलूप कळतं का रे?"

"तू नुस्तं भ्या दाखवून राहिलास!" मी खेकसलो. माझ्या हट्टापुढं घरात सगळेच हात टेकायचे, दादानंही टेकले. साखळी मीच आणली. मुद्दाम आखूड, चोराला ओढायला ढील मिळू नये म्हणून. काय ते माझं शहाणपण!

भाद्रपदात मी अहमदपूरला बहिणीकडं गेलो होतो. सकाळी दादाचा फोन आला. वरच्या धरणाचे दरवाजे उघडणार, काठाला जाऊ नका, अशी गावात दवंडी फिरली होती.

"कुलपाची किल्ली कुठं हाय?"

माझा हात खिशात गेला. "माझ्यापाशीच."

शिव्या देईल वाटलं. न्हाई दिल्या.

"जाऊ दे होडी," एवढे तीन शब्द मला सुचले नाहीत. मी म्हणालो, "दगडानं फुटंल बघ कुलूप."

"बरं," म्हणाला आणि फोन ठेवला. मी तशीच एसटी धरली. लोह्याच्या पुढं त्याचा फोन लागेना.

पुढचं मला मागून कळलं. वहिनी घाटावरून ओरडत होती. दादा कमरेभर पाण्यात उभा राहून कुलूप ठोकत होता. पाणी चढत गेलं, आखूड साखळीनं होडीचं नाक खाली दाबून धरलं, ती भरली आणि त्याच्या अंगावर कलली. त्याचे पाय सुटले. तिसऱ्या दिवशी तो बंधाऱ्याशी सापडला.

पाणी ओसरल्यावर मी घाटावर गेलो. वहिनीही मागून आली. होडी बाभळीखाली चिखलात बसली होती. एकही फळी निघाली नव्हती.

वहिनीनं साखळी ओढून बघितली.

"चांगली जागा बघितली भावजी तुम्ही," म्हणाली. "होडी कुठं गेली न्हाई."