सप्ताळूचा बहार

काकू गेल्याचा निरोप आम्हाला नांदेडला भैंशामार्गे मिळाला. काकूच्या गावचा, बोथचा एक शेतकरी कापूस घेऊन भैंशाच्या जिनिंगवर आला होता. त्यानं तिथल्या अडत्याला सांगितलं, आणि अडत्याचा मुनीम दुसऱ्या दिवशी कामानिमित्त नांदेडला आला तेव्हा वाट वाकडी करून आमच्या घरी सांगून गेला. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. तिचं तोंड शेवटचं पाहायचं राहिलं, आणि त्याचा राग मी काकांवर काढला. एक तार करायला काय झालं होतं तुम्हाला, असं सुतकात बसलेल्या माणसाला विचारलं. ते मान खाली घालून नुसते बसून राहिले...

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. काका आणि वडील दोघेही बोथच्या तहसील कचेरीत कारकून, निजामाच्या भाषेत अहलकार. दोघांचं शिक्षण उर्दूत झालेलं. एकाच घरात, एकाच चुलीवर आमचं सगळ्यांचं चालायचं. मी आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत मला आईपेक्षा काकूच जास्त लागायची. काकूला मूल नव्हतं, त्यामुळे माझ्यावर हक्क सांगणारी घरात दुसरी आईच होती, आणि ती रागावतही आईसारखीच असे.

पोलीस अ‍ॅक्शननंतर कचेरीत बाहेरच्या प्रांतांतले साहेब येऊ लागले. त्यांतले एक कुठल्याशा डोंगराळ मुलखातले होते. बदली होऊन जाताना त्यांनी कुंडीतलं एक रोप काकांच्या हवाली केलं. पीचचं झाड. काका त्याला सप्ताळू म्हणत. हे थंडीतलं झाड आहे, तुमच्याकडे जगेल, फळेल की नाही सांगता येत नाही, असं साहेब म्हणाले होते. बोथची थंडी तुम्ही अजून पाह्यली नाही, असं काका त्यांना मोठ्या ऐटीत म्हणाले. परसात न्हाणीच्या पलीकडे त्यांनी ते लावलं. झाड जगलं, छपराच्या वर गेलं, लांब लांब पानांनी भरलं, पण फुलायचं नाव नाही. शेवटी नागपूर सडकेवरच्या एका ओळखीच्या संत्रेवाल्यानं काकांना सांगितलं की याला ताण द्या. संत्र्याला देतात तसा. दिवाळीनंतर पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, झाड पार वाळल्यासारखं दिसलं पाहिजे. मग एकदम भरपूर पाणी सोडायचं, की ते बहार धरतं.

त्याच सुमारास राज्यांची फेररचना झाली. आमचा जिल्हा दुभंगला. काकूचं माहेर किनवटचं. तोवर ते आमच्याच जिल्ह्यात होतं, ते मराठी मुलखात गेलं आणि बोथ तेलुगू राज्यात राहिलं. कचेरीतल्या मराठी माणसांना तिकडे जायचं असेल तर तसं कळवायला सांगण्यात आलं. माझ्या वडिलांनी लगेच कळवलं. त्या दिवसांत काकू चुलीपुढे बसून म्हणाल्याचं मला आठवतं, "माहं माहेर तिकडं गेलं, अन् मी इथंच राह्यली." तिला जायचं होतं. इतकं सरळ तिनं आयुष्यात दुसरं काही मागितलं नसेल. काकांनी नाही म्हटलं नाही. एवढं झाड वाढवलं तर त्याचं एक फळ खाऊन जाऊ, यंदा ताण दिलाय, होळीपर्यंत फुलेल, मग अर्ज टाकतो, असं म्हणाले. काकू तेवढ्यावर खूष झाली. तिनं माहेरी निरोपसुद्धा धाडला.

आणि त्या हिवाळ्यात मी तिला रोज संध्याकाळी परसात जाताना पाहत असे. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी पदराआड धरून ती झाडाशी जाई आणि बुडाशी हळूच ओतून येई. मी विचारलं, तर म्हणाली, "तहानलेलं हाय वं ते. पानं पाह्य कशी झाली." तिला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. ताण म्हणजे काय ते तिलाही ठाऊक होतं. पण दारातल्या झाडाचं पाणी तोडायचं आणि तिकडे रोज बघत बसायचं, हे तिच्यानं होईना. झाड हिरवंच राहिलं. होळी झाली, एक कळी आली नाही. काकांनी अर्ज टाकला नाही. आम्ही सामान बांधून नांदेडला आलो. निघताना मी काकूला सोडत नव्हते, मोठ्यांनी ओढून मला गाडीत बसवलं.

पुढे मी सुट्टीत जात राहिले. गल्लीतली मराठी घरं एकेक करून रिकामी झाली, तिथं करीमनगर-वरंगलकडची नोकरदार कुटुंबं आली. माणसं चांगली होती, पण काकूला तेलुगू कधी आलंच नाही. दुकानात ती बोटानं दाखवी. शेजारणींशी हसून मान हलवी. काका मात्र पन्नाशीला टेकल्यावर तेलुगू शिकले, परीक्षाही दिली. दर हिवाळ्यात ते झाडाचं पाणी तोडत, काकू ते चोरून घाली, आणि एक फळ धरलं की जाऊ हे त्या घरात पेन्शन लागल्यावरही चालूच राहिलं. मला त्या दोघांचं हसू येई. आता येत नाही...

यंदा दिवाळीपासूनच काकू अंथरुणाला खिळली. परसात जाणारं कोणी उरलं नाही. झाडाची पानं गळून गेली, तिकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. संक्रांतीनंतर ती गेली. मग दिवसांना आलेल्या माणसांच्या आंघोळी परसातच झाल्या, बादल्याच्या बादल्या पाणी त्या झाडाच्या बुडाशी गेलं. महिन्याभरानं मी पुन्हा गेले, तेव्हा झाडाच्या उघड्या फांद्या गुलाबी फुलांनी गच्च भरल्या होत्या. मी परसाच्या दारात उभी राहून रडले. काका ओसरीवर झाडाकडे पाठ करून बसले होते.

"ती पाणी घालून राह्यली होती, ते मला पयल्या वर्षापासून ठाऊक होतं," ते म्हणाले. "माती ओली दिसे."

"मग बोलले काऊन नाई तुमी?"

"बोललो असतो तर झाड फुललं असतं. मग जा लागलं असतं."

 मग ते हळूहळू बोलले. सगळी हयात उर्दूत लिहिण्यात गेली. तेलुगूत कच्चे पडलो तर इथं कोणी हसणार नव्हतं, ती परकीच भाषा. पण तिकडं मराठी कचेरीत मराठी माणसाला मराठी लिहिता येत नाही असं निघालं असतं तर कोणाला तोंड दाखवलं असतं? माझ्या वडिलांनी नांदेडला ती नामुष्की सोसली होती. पहिली दोन वर्षं ते घरी माझ्या शाळेच्या पुस्तकातून शुद्धलेखन गिरवत होते, हे मी पाहिलं आहे. काकांना ते जमलं नसतं. हे त्यांनी काकूला कधी सांगितलं नाही. आपल्याच पाण्यामुळे झाड फुलत नाही असं समजून ती वर्षानुवर्षं मनातल्या मनात स्वतःलाच बोल लावत राहिली असेल, आणि तरी संध्याकाळ झाली की तिचा जीव राहत नसेल.

मला त्यांचा फार राग आला. आणि त्या वाकलेल्या म्हाताऱ्याकडे पाहून तो धरवेनाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका धोतर-कोट घालून तयार होते. किनवटला चल म्हणाले. हद्द बदलल्यापासून त्यांनी सासुरवाडीला पाऊल टाकलं नव्हतं. काकूच जाऊन येई, तेही दोन दिवसांपुरतं. काकूच्या धाकट्या भावानं आम्हाला आत घेतलं, पाणी दिलं. काकांनी पाण्याला हात लावला नाही. म्हणाले, "मीच तिले इकडं येऊ देलं नाई."  भावानं दोष दिला नाही. तो बहिणीविषयी सांगू लागला. काकूला माहेरी गोदी म्हणत. लहानपणी विहिरीवर गेली की गोदी घरी यायचं नाव घेत नसे, इतकी तिची बडबड. साऱ्या गावाच्या नकला करी, बाया पोट धरधरून हसत. माहेरपणाला यायची तेव्हाही रात्र रात्र तिचं तोंड मिटत नसे, शेजारपाजारची माणसं ऐकायला येऊन बसत. काकूच्या भावजयीनं तिच्या एकदोन नकला करून दाखवल्या. मी त्या कधी ऐकल्या नव्हत्या. काका पुढं सरकून, कानाला हात लावून ऐकत होते. परतीची गाडी निघून गेली, तरी उठले नाहीत.

"अजून सांगा," ते भावजयीला म्हणाले. "आमच्या घरी ती फार बोले नाई."