गुडघ्याएवढं पाणी

माझा मामा दुरुस्तीचा शिंपी. नवे कपडे तो शिवत नाही. ढगळ झालेलं आवळतो, घट्ट झालेलं सोडतो, चेन बदलतो. गल्लीत कोणाचं पोट सुटलंय हे आरशाच्या आधी मामाला कळतं, आणि ते तो कोणाला सांगत नाही. मामी सोडून. मामीपुढे मामाच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही.

त्याला कारण आहे. खुब्याचं हाड मोडल्यापासून मामी तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेली नाही. इमारतीला लिफ्ट नाही, आणि खिडकी उघडली की हाताच्या अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. तेव्हा मामीचं जग म्हणजे मामा जे सांगेल ते. तो पाव आणायला गेला तरी पावाबरोबर चार बातम्या आणतो: बेकरीवाल्याने मिशी उतरवली, चौकातलं झाड तोडलं, शाळेच्या फाटकात दोन बायकांची जुंपली. मामी पलंगावर उशीला टेकून गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे कच्चे टाके उसवत असते. मान वर न करता विचारते, "मग? आज काय काय?" मामा तिखटमीठ लावून सांगतो. तिखटमीठ कुठे लावलंय हे मामीला बरोबर कळतं, आणि तेवढं सोडून बाकीचं ती जसंच्या तसं मनात ठेवते. गल्ली मी रोज बघते, पण गल्लीत कुठे काय आहे हे विचारायचं तर मामीलाच विचारावं.

यंदा उन्हाळा भाजून काढणारा होता. एका सकाळी मामा मला म्हणाला, "आज जरा मामीजवळ बसशील? अस्तराचं कापड आणायला बाजारात जायचंय. यायला संध्याकाळ होईल."

मी बसले. मला काय ठाऊक, अस्तर त्याने आदल्या आठवड्यातच आणून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे लपवून ठेवलं होतं. जन्मात कधी खोटं न बोललेला माणूस खोटं बोलायला लागला की अशी जय्यत तयारी करतो.

मामा गेला ओढ्यावर. लाकडाच्या वखारीमागून एक ओढा वाहतो. वरच्या तळ्यातून पाणी सुटतं, म्हणून उन्हाळ्यातही तो आटत नाही. लग्नानंतर दर उन्हाळ्यात एक दिवस मामा-मामी दुकान बंद ठेवून तिथे जायची. चपला हातात घ्यायच्या आणि पुलापासून पार नदीपर्यंत कधी पाण्यातून, कधी काठाने चालत जायचं, बस. मामीचं हाड मोडलं तेव्हा मामा म्हणाला होता, "तू बरी झालीस की जाऊ." दोन ऑपरेशनं झाली. हे वाक्य तो दर उन्हाळ्यात म्हणायचा आणि मामी दर उन्हाळ्यात "हो" म्हणायची. यंदा तो ते म्हणाला नाही. एकट्याने जायचं म्हणजे ती आता बरी होणार नाही हे कबूल करायचं, आणि ते तिच्या तोंडावर बोलायची त्याची छाती झाली नाही.

पुढचं सगळं त्याने मला नंतर सांगितलं, चोरी पकडली गेलेल्या माणसासारखं, भिंतीकडे बघत. पाण्यात पहिलं पाऊल टाकलं आणि त्याला हसू फुटलं, म्हणे. एकट्याला, मोठ्याने. मग लाज वाटली. पँट दुमडली तर दुमड सारखी सुटून पाण्यात पडायची. मामाच्या कॉलरखाली कायम एक ओवलेली सुई असते. तो एका खडकावर बसला आणि पँटचे दोन्ही पाय गुडघ्यावर दुमडून कच्च्या टाक्यांनी पक्के केले. मग प्रवाह बघितला नाही की उतार बघितला नाही, तो चालतच राहिला. बोटांमधून मासोळ्या गेल्या. एक खंड्या डोक्यावरून सूं करून गेला. वळणावरची मोठी झाडं पाण्यात आडवी पडली होती. त्यांच्यावरून चढून जावं लागलं.

"आणि प्रत्येक वेळी," मामा म्हणाला, "मनात यायचं, आता घरी गेल्यावर हिला हे सांगू. मग आठवायचं की हे सांगता येणार नाही. असं झालं की पाय जड व्हायचे. वाटायचं, परत फिरावं. पण फिरलो नाही गं. नदीपर्यंत गेलो. पोटभर गेलो."

संध्याकाळी तो अस्तराचा गठ्ठा घेऊन आला. चेहरा उन्हाने लाल. पलंगाच्या कडेवर बसला आणि बाजारातली गर्दी सांगू लागला, कोण भेटलं, भाव किती चढलेत. इतकं रंगवून तो कधीच सांगत नाही. मामी ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा हात त्याच्या गुडघ्याकडे गेला. कच्चा टाका दिसला की तो उपसल्याशिवाय मामीला राहवत नाही, हातालाच ती सवय. मामाने टाके दाताने तोडून घाईघाईत ओढले होते. पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे कापडात राहिले होते. तिने एक उपसला, दुसरा उपसला आणि थांबली.

"ओढ्यावर गेला होतात," ती म्हणाली.

मामाचं तोंड उतरलं. "जरासा," तो म्हणाला. "पूर्वीसारखं काही राहिलं नाही तिथे. घोट्याएवढं पाणी."

"टाके गुडघ्यावर आहेत."

मी उठून स्वयंपाकघरात जावं की नाही, मला कळेना. बसूनच राहिले.

"विचारलं असतंत तर मी नको म्हटलं असतं," मामी म्हणाली.

"म्हणून तर विचारलं नाही."

"मी जळतेय आत्ता. ते जाईल." तिने दोऱ्याचे तुकडे तळहातावर गोळा केले. "पण बाजारात कोण कोण भेटलं ते इतकं छान सांगितलंत. मी सगळं मनात बघितलं. आता त्याचं मी काय करू?"

मामाने तिची माफी मागितली. तिने माफ केलंही, रात्री दोघं नेहमीसारखी जेवली. मामाला वाटलं, निभावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाव घेऊन आला आणि बातमी दिली की खालच्या औषधाच्या दुकानाला रंग दिलाय, हिरवागार, डोळ्यांत खुपतो नुसता. मामी "बरं" म्हणाली.

संध्याकाळी मी गेले. मामा मशीनवर होता. मामीने मला जवळ बसवलं, माझा दिवस कसा गेला ते विचारलं, आणि मग सहज विचारावं तसं म्हणाली, "खालच्या औषधाच्या दुकानाला रंग दिलाय का गं?"

"दिलाय की."

"कुठला?"

मामाचं मशीन थांबलं.

"हिरवा," मी म्हणाले.

"हो ना," मामी म्हणाली. "हेही तेच म्हणाले."