कोरडं पातं

वर्षानुवर्षं न पुसलेल्या खिडकीवर बोट फिरवल्याशिवाय मी पुसायचा दर सांगत नाही. मळाखाली काय निघेल कोणाला ठाऊक? त्या मळाआड मात्र कोणाचंही पाप खपतं. माझंही खपलं. माझ्या जुन्या गिऱ्हाईक वहिनींच्या खिडकीची काच भिजवायचा मी कंटाळा केला, मळ खरवडायचं पातं कोरडंच चालवलं आणि चरे पडल्यावर त्यांना म्हणालो, "हे जुनेच. तुमच्या साहेबांनी कधी रंग खरवडला असेल."

साहेब गेले. माझा मुलगा म्हणाला, "आता कशाला उकरता, बाबा?" तरी आज गेलोच.

"वहिनी, ते चरे माझे."

"अरे मेल्या! मी यांना शेवटपर्यंत त्यावरून टोमणे मारले."

"आता मला मारा."

"बस आधी. ओरडायला दम लागतो मला."

बसलो नाही. उभ्यानंच ऐकायचं ठरवून आलो होतो.