झाकलेला चांगला डोळा

पाटसची सुवर्णा कुणाचं ऐकून घेणारी नव्हेच. तिनं पाच वर्षांच्या लेकीचा, तेजश्रीचा चांगला डोळा पट्टीनं झाकला, तेव्हा सासरे मारुतराव कडाडले, “अधू डोळा उघडा ठेवून चांगला झाकतीस व्हय?”

“आबा, बाजरीची विरळणी करताना तुम्ही जोमदार रोप ठेवता, खुरटं उपटता. लहानपणी मेंदूबी जास्तीच्या जोडण्या तशाच उपटतो. जो डोळा वापरात न्हाई, त्याच्या जोडण्या आधी उपटतो. डॉक्टर म्हणाले, अधू डोळ्याला आत्ताच कामाला लावा.”

“आन् पोरगी ठेचकाळली तर?”

“ठेचकाळू द्या. उठंल.”

दुसऱ्या दिवशी पोरं तेजश्रीला ‘काणी’ म्हणून चिडवू लागली. सुवर्णानं स्वतःच्या डोळ्यावरही पट्टी चिकटवली आणि लेकीचा हात धरून ती भर चौकात उभी राहिली.

“चिडवा आता दोघींना!”