बेंबीखालचा टाका

लग्न होऊन ब्राह्मणपुरीला आले तेव्हापासून दर महिन्याला माझं पोट असं दुखायचं की चुलीपुढं बसवत नसे. शहाद्याच्या डॉक्टरांनी हातानं चाचपून पाहिलं आणि माझ्या नवऱ्याला सांगितलं, "काही नाही. एक मूल झालं की थांबेल." अहो, मूल होत नव्हतं म्हणूनच तर आम्ही गेलो होतो! सुरतेलाही तेच ऐकलं. हाताला काही लागत नाही, म्हणजे दुखणंच नाही. कापूस वेचायच्या दिवसांत सुनेचं पोट बरं दुखतं, असं सासूबाई शेजारणीला ऐकवत.

सत्तर साल उजाडायच्या जरा आधी आम्ही मुंबईला गेलो. तिथल्या इस्पितळात परदेशी शिकून आलेल्या डॉक्टरीणबाई होत्या. त्या म्हणाल्या, पोट न फाडता बेंबीखाली बारीक भोक पाडून दुर्बिणीनं आत बघू. शुद्धीवर आले तर पोटापेक्षा खांदाच ठणकत होता. पोट फुगवायला आत हवा भरतात, तिच्यामुळं, असं नर्स म्हणाली. मग बाई आल्या आणि माझ्या खाटेशी उभ्या राहून नवऱ्याशीच बोलायला लागल्या.

"बाई, मला सांगा," मी म्हटलं. "पोट माझं आहे."

त्या वळल्या. "गर्भाशयाचं अस्तर तुझ्या पोटात भलत्याच जागी रुजलंय. दर महिन्याला तिथंही रक्त येतं. दुखणारच गं."

बरं वाटायला हवं होतं. मला संतापच आला. इतकी वर्षं मी काय वेगळं सांगत होते?

घरी सासूबाईंनी तो एवढासा टाका पाहिला. "इतलंसंच? हाई काय ऑपरेशन शे?" वर माझा खांदा दुखतोय म्हटल्यावर तर त्यांनी हातच जोडले.

बाईंनी गोळ्या दिल्या होत्या. त्या घेतल्या की पाळी बंद राहायची, म्हणजे आतलं सुकेल. पाळी थांबली, पण मळमळ सुरू झाली. सासूबाई एकदम मऊ झाल्या. मला भाकऱ्या थापू देईनात. शेजारणीला सांगून आल्या, सून पोटशी शे. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. मी म्हटलं, "तुम्ही सांगा ना त्यांना."

"राहू दे गं, खूश आहे ती," म्हणाला आणि शेतावर निघून गेला.

शेवटी ओसरीवर तूर निवडताना मीच सांगितलं. मूल नाही, औषधानं पाळी थांबलीय. सासूबाईंचा हात सुपातच राहिला. मग सूप बाजूला सारून त्यांनी विचारलं, "आते पोट दुखस का?"

"नाही."

"मंग खाय गोळ्या," म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. पुढं आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

गोळ्या शहाद्यात मिळत नसत. सुरतेहून येईनाशा झाल्या तसं दुखणं परत आलं, पहिल्याहून निम्मं. मूल झालं नाही. शहाद्याचे डॉक्टर पुढं कधी भेटले की विचारत, "काय, थांबलं का?"