चित्रामागचा शब्द

घर बदलताना मी तीन याद्या करते: न्यायचं, द्यायचं, टाकायचं. काल तिसऱ्या यादीसाठी जुनं चित्र उतरवलं आणि मागच्या दमट पुठ्ठ्याच्या वासाने मला थेट लहानपणीच्या जामबागच्या घरात नेलं.

तेव्हा बाबांच्या कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज वाटले जात होते. जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघायचा. त्याच आठवड्यात आखातातल्या भावाला भेटून परतलेल्या साहेबांनी बाबांना हे चित्र दिलं. पिवळी वाळू आणि तिच्यात कोरफडीची जाड, काटेरी पानं.

"इतक्या वर्षांत काही दिलं नाही, आत्ताच का? आणि काटेच का?" बाबांनी चित्र उलटं केलं. मागे उर्दू अक्षरांत एकच शब्द होता. बाबा उर्दू शाळेत शिकलेले. "सब्र! धीर धर म्हणतोय. म्हणजे काढायच्या यादीत माझं नाव लागलं."

"अहो, विचारा तरी त्यांना," आई म्हणाली.

"हाकलेपर्यंत थांबू? आपणच निघालेलं बरं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्जावर सही केली. मला ते फार धोरणी वाटले होते. पुढे त्यांच्या विभागातल्या कुणालाच काढलं नाही.

काल जेद्दाहहून परतलेल्या शेजारच्या खालांना मी ते चित्र आणि मागचा तो शब्द दाखवला. त्या हसल्या. "अरबी में इस झाड का नामइच सब्र है, बेटी."

"काय म्हणाल्या गं त्या?" आतून बाबांनी विचारलं. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत.

"तुम्ही बरोबर वाचलं होतंत, बाबा," मी म्हणाले.